विश्लेषण : बोरघाटात जिंकलेली आघाडी सालबाईत का फुटली?

गाझात शांतता राखण्यासाठी कोणता देश किती सैनिक देणार आणि दिले तर ते किती काळ ठेवणार? युक्रेनमधले युद्ध थांबलेच, तर ब्रिटन आणि फ्रान्सच्या पुढाकाराने जमलेल्या देशांपैकी प्रत्यक्ष जमिनीवर कोण उतरणार? आघाडी जाहीर करताना सगळेच देश व्यासपीठावर असतात. खरी घासाघीस त्यानंतर सुरू होते आणि ती मुख्यतः मित्रांशीच होते. ‘तुमची फौज अजून सहा महिने ठेवा’ या एका वाक्यासाठी महिनोन् महिने वकिली चालते. मराठी वाचकाला याचे जुने उदाहरण शोधायला लांब जावे लागत नाही. मुंबईहून पुण्याला येताना खंडाळा, कार्ला, वडगाव, तळेगाव हा पट्टा अशाच एका आघाडीची रणभूमी होता. १७७९ ते १७८२ या काळात पुणे दरबाराने इंग्रजांविरुद्ध चौघांची आघाडी उभी केली. मावळात ती जिंकली आणि तरीही तीन वर्षांत विस्कटली. हे कसे घडले, त्याविषयी…

वडगावमध्ये नेमके काय घडले होते?

राघोबादादांना पेशवाईच्या गादीवर बसवण्याचा चंग मुंबईकर इंग्रजांनी बांधला होता. १७७८ च्या नोव्हेंबरमध्ये त्यांची सुमारे चार हजारांची फौज मुंबईहून निघाली. घाट चढायलाच तिला डिसेंबर उजाडला. तोफा, दारूगोळा, हजारो बैल असा सगळा लवाजमा बोरघाटातून वर ओढत आणायचा होता. वेगाच्या बाबतीत हा प्रवास शनिवारी संध्याकाळच्या आजच्या घाटातल्या वाहतुकीलाही लाजवेल असा झाला.

पुणेकरांनी समोरासमोर मोठी लढाई दिलीच नाही. रसद तोडायची, गवत-चारा जाळायचा, विहिरी बुजवायच्या आणि टोळ्या-टोळ्यांनी पाठीशी लागायचे, हा बेत होता. ४ जानेवारी १७७९ रोजी कार्ल्याजवळ कॅप्टन स्टुअर्ट तोफेच्या गोळ्याने मारला गेला. त्याच्या धाडसामुळे मराठ्यांनीच त्याला ‘इष्टुर फाकडा’ असे नाव दिले होते आणि मावळात ते आजही घेतले जाते. ९ जानेवारीला इंग्रज तळेगावला पोहोचले तेव्हा गाव जळून खाक झालेले होते. पुढे चिंचवड आणि वेळ पडली तर खुद्द पुणेही जाळायची तयारी असल्याच्या बातम्या त्यांच्या तळावर पोहोचल्या. अवजड तोफा तळेगावच्या तळ्यात ढकलून ११ तारखेच्या रात्री फौज मागे फिरली आणि वडगावात घेरली गेली.

तह झाला तो तिथे. १७७३ नंतर घेतलेला सगळा मुलूख, त्यात साष्टीही आली, परत द्यायचा, बंगालहून येणारी फौज माघारी बोलवायची, राघोबादादांना सोपवायचे, अशी कलमे होती. पण आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचा तपशील वेगळाच आहे. इंग्रजांचा एक वकील पुण्याच्या कारभाऱ्यांशी बोलत होता, तर दुसऱ्याला स्वतंत्रपणे महादजी शिंद्यांकडे धाडले होते. भडोचमधला इंग्रजांचा वाटा शिंद्यांना देण्याचे वचन याच दुसऱ्या दाराने गेले. म्हणजे पुणेकरांनी सर्वांत मोठा विजय मिळवला त्याच दिवशी, त्याच गावात, शत्रूने त्यांच्या सर्वांत बलवान मित्राशी वेगळी बोलणी सुरू केली होती. वडगावच्या स्मारकाजवळून जाताना विजय आठवतो. हे दुसरे दार सहसा आठवत नाही.

चौघांच्या आघाडीत कोण होते आणि कोणाची फौज कुठे?

वडगावचा तह मुंबई आणि कोलकात्याच्या इंग्रजांनी झुगारला. ज्यांनी तो केला त्यांना नोकरीतूनही काढून टाकले. १७७९ च्या जूनमध्ये राघोबादादा शिंद्यांच्या माणसांच्या हातून निसटून गुजरातेत इंग्रजांकडे गेले. युद्ध नव्याने पेटणार हे उघड होते. तेव्हा पुण्याचे नाना फडणवीस, हैदराबादचा निजाम अली, म्हैसूरचा हैदर अली आणि नागपूरचे मुधोजी भोसले असे चौघे एकत्र आले. यातले कोणीही एकमेकांचे स्नेही नव्हते. हैदरने पुण्याचा कृष्णेपलीकडचा मुलूख बळकावला होता. तो त्याच्याकडे राहू देऊन आणि खंडणी वर्षाला ११ लाखांवर आणून फेब्रुवारी १७८० मध्ये नानांनी त्याला सोबत घेतले.

योजना कागदावर अचूक होती. हैदरने कर्नाटकात उतरून मद्रासला भिडायचे. निजामाने पूर्व किनाऱ्यावरच्या उत्तर सरकारांवर चालून जायचे. भोसल्यांनी ओडिशामार्गे बंगालवर स्वारी करायची. पुणे, शिंदे आणि होळकर यांनी गुजरात व कोकण सांभाळायचे. मुंबई, मद्रास आणि कोलकाता या इंग्रजांच्या तिन्ही सत्ताकेंद्रांना एकाच वेळी घेरले, तर एकीकडची फौज आणि पैसा दुसरीकडे हलवता येणार नाही, हा त्यामागचा हिशेब. त्यातही बंगाल हा कणा होता, कारण तिथल्या महसुलावरच बाकीच्या दोन ठिकाणची युद्धे चालत.

शाळेत विद्युत मंडले शिकताना दिव्यांच्या दोन प्रकारच्या माळा जोडायला लावतात. एका जोडणीत एक दिवा गेला तरी बाकीचे जळत राहतात, दुसरीत एक गेला की सगळी माळ विझते. नानांना आपण पहिल्या प्रकारची माळ बांधतोय असे वाटत असावे. पण सगळे एकाच वेळी लढले तरच उपयोग, अशी अट ज्या योजनेला असते ती दुसऱ्या प्रकारची असते.

पहिला मित्र कुठे अडला?

निजाम अली. त्याचा राग गुंटूरवरून होता. त्याच्या भावाकडचा गुंटूर प्रांत मद्रासकरांनी परस्पर ताब्यात घेऊन अर्काटच्या नवाबाला दिला होता. कोलकात्यात गव्हर्नर जनरल वॉरन हेस्टिंग्जने मद्रासकरांचे कान उपटले आणि १७८० मध्ये गुंटूर परत करवले. तक्रार मिटली तशी निजामाची फौज हैदराबादहून हललीच नाही. त्याने आघाडी सोडल्याचे कुठे जाहीर केले नाही, वकीलही परत बोलावला नाही. तो फक्त थांबला.

नागपूरकरांची फौज कटकला का थांबली?

हा या कथेतला सर्वांत बोलका भाग आहे. मुधोजी भोसल्यांनी १७७९ च्या अखेरीस धाकटे चिरंजीव चिमणाजी यांच्याबरोबर ३० हजारांचे घोडदळ बंगालच्या दिशेने रवाना केले. आकडा पाहून पुण्यात समाधान वाटले असणार. पण नागपूर ते कटक हे अंतर कापायला या घोडदळाने १७८० चा मे महिना उजाडवला. घोडदळाला इतका उशीर रस्त्यामुळे होत नाही.

मुधोजींनी हेस्टिंग्जला आपणहून कळवून टाकले होते की, पुणे आणि निजाम यांच्या दडपणामुळे फौज पाठवणे भाग पडले आहे आणि ती होईल तितकी सावकाश नेली जाईल. त्यांचे गणित समजून घेण्यासारखे आहे. पुण्याला नकार दिला तर नागपूरवर पेशव्यांची फौज येण्याची भीती. बंगालवर खरेच तुटून पडले तर इंग्रजांशी कायमचे वैर. त्याच्याही आधी, १७७८ मध्ये, हेस्टिंग्जने साताऱ्याच्या छत्रपतींच्या रिकाम्या झालेल्या गादीवर भोसल्यांचा हक्क पुढे करण्याचे आमिष त्यांना दाखवले होते. बंगालहून निघालेली इंग्रज फौज मध्य हिंदुस्थानातून गुजरातेकडे गेली तेव्हा भोसल्यांनी तिला वाट दिली होती. म्हणजे आघाडीत सामील होतानाच मुधोजींचे एक पाऊल बाहेर होते.

कटकला बसलेल्या फौजेला पगाराची ओढाताण सुरू झाली. हेस्टिंग्जने हीच नस पकडली. आधी गुपचूप तीन लाख आणि मग आणखी तेरा लाख असे मिळून १६ लाखांच्या घरातले रुपये नागपूरकरांना पोहोचले. पुण्याला दाखवायला फौज मोहिमेवर होती, हेस्टिंग्जला दाखवायला ती शांत होती आणि खर्च शत्रूच्या खजिन्यातून निघत होता.

याचा परिणाम थेट रणांगणावर झाला. १० सप्टेंबर १७८० रोजी हैदर आणि टिपू यांनी पोल्लिलूरला कर्नल बेलीची तुकडी नेस्तनाबूत केली. हिंदुस्थानात तोवर इंग्रजांना इतका मोठा फटका बसला नव्हता. याच वेळी बंगालवर घोडदळ तुटून पडले असते तर मद्रासला मदत पाठवणे अवघड होते. प्रत्यक्षात सर आयर कूट कोलकात्याहून समुद्रमार्गे फौज आणि पैसा घेऊन मद्रासला आला, आणि १७८१ च्या सुरुवातीला कर्नल पीअर्सची पलटण चक्क भोसल्यांच्या ओडिशातून चालत दक्षिणेकडे गेली. तिला कोणी अडवले नाही. उलट हैदरविरुद्ध इंग्रजांना दोन हजार स्वार भाड्याने देण्याचा करार नागपूरकरांनी केला. आघाडीसाठी निघालेली फौज आघाडीतल्याच मित्रावर लावण्याची बोलणी!

मराठी इतिहासात ‘साडेतीन शहाणे’ प्रसिद्ध आहेत. त्यातले एक पूर्ण शहाणे नागपूरकरांचे देवाजीपंत चोरघडे आणि अर्धे नाना फडणवीस, कारण नाना तलवारबहाद्दर नव्हते. नागपूरच्या या हिशेबीपणाकडे पाहिले की ती वाटणी कोणी केली असेल, याचे कुतूहल वाटते.

खंडाळ्याच्या तळावर कोणती बोलणी झाली?

इकडे पश्चिमेला १५ फेब्रुवारी १७८० रोजी अहमदाबाद आणि ११ डिसेंबर १७८० रोजी वसई इंग्रजांनी घेतली. मग जनरल गॉडार्डने पुण्याकडे मोर्चा वळवला. फेब्रुवारी १७८१ मध्ये त्याच्या तुकडीने रात्री हल्ला करून बोरघाट जिंकला. आघाडीची तुकडी वर खंडाळ्याला आणि मुख्य तळ खाली खोपोलीला, अशी त्याची मांडणी होती.

गॉडार्डला पुणे जिंकायचे होतेच असे नाही. पुण्याच्या उंबरठ्यावर येऊन उभे राहिले की नाना घाबरून हैदरला सोडतील, अशी त्याची अटकळ होती. तसा निरोपही गेला. नानांनी उत्तराला पुरेसा वेळ लावला आणि मग कळवले की, हैदर ज्यात नाही असा कोणताही तह पुणे करणार नाही. पुण्यापासून जेमतेम ४० मैलांवर शत्रूचा तळ असताना दिलेले हे उत्तर आहे. नाना फडणवीस म्हटले की कारस्थाने आठवणाऱ्यांनी हा प्रसंगही ध्यानात ठेवायला हवा.

उत्तर लांबवण्याचा फायदा लष्करी होता. घाटाच्या माथ्यावर हरिपंत फडके आणि तुकोजी होळकर गॉडार्डला रोखून होते. पटवर्धनांपैकी परशुरामभाऊ घाटाखाली कोकणात उतरले आणि पनवेलहून खोपोलीकडे येणाऱ्या रसदेच्या तांड्यांवर तुटून पडू लागले. मार्च आणि एप्रिलमध्ये प्रत्येक तांडा लढतच वर आणावा लागला. शेवटी एप्रिलमध्ये गॉडार्डने घाट सोडला. पनवेलपर्यंतच्या माघारीत त्याचे ४६६ जण मेले किंवा जखमी झाले, त्यात १८ युरोपीय अधिकारी होते. दोन वर्षांत दुसऱ्यांदा मावळाने इंग्रजांना परत धाडले. खोपोलीत आज दिसणारा मोठा तलाव आणि महादेवाचे देऊळ हे नानांचेच बांधकाम.

इथे होळकरांच्या उपस्थितीकडे लक्ष द्यायला हवे. हेच तुकोजी १७७८ मध्ये मोरोबा फडणीसांच्या कटात राघोबादादांच्या बाजूला झुकले होते. महादजींच्या मध्यस्थीने आणि मोठी रक्कम देऊन त्यांना वळवले गेले. तीन वर्षांनी ते बोरघाटाच्या माथ्यावर उभे होते. घरातला मित्र नानांना राखता आला. मात्र त्यासाठी जो मध्यस्थ वापरला, त्याच्यावरच पुढची सगळी मदार येऊन पडली.

मग महादजी वेगळे का झाले?

हेस्टिंग्जने युद्ध महादजींच्या घराकडे नेले. ऑगस्ट १७८० मध्ये कॅप्टन पॉपहॅमने रात्री शिड्या लावून ग्वाल्हेरचा किल्ला घेतला. अजिंक्य समजला जाणारा हा किल्ला शिंद्यांचा होता. त्या काळात महादजी गुजरातेत गॉडार्डच्या फौजेला सामोरे होते. १७८१ च्या सुरुवातीला कर्नल कॅमॅकची फौज माळव्यात शिरली आणि मार्चमध्ये सिप्रीच्या परिसरात तिने शिंद्यांच्या तळावर रात्री छापा घातला. महादजींनी नंतर या फौजेला चांगलेच सतावले, पण त्यांची काळजी बदलली होती. गुजरात आणि पुणे राखताना माळवा गेला तर शिंद्यांकडे उरते काय?

१३ ऑक्टोबर १७८१ रोजी महादजींनी कर्नल म्यूरशी वेगळा करार केला. त्यांनी उज्जैनला परतायचे, इंग्रजांनी यमुनेपलीकडे जायचे आणि महादजींनी पुणे व इंग्रज यांच्यात मध्यस्थी करायची. मध्यस्थी फसली तर महादजी तटस्थ राहतील. हा ‘तटस्थ’ शब्द पुण्याला पराभवाहून जड गेला असेल, कारण उत्तरेतली पुण्याची सगळी ताकद म्हणजे शिंदेच होते.

याला फितुरी म्हणायचे का? त्या काळच्या चौकटीत हा शब्द पुरत नाही. सरंजामी सरदार स्वतःच्या मुलखाच्या उत्पन्नावर फौज पोसत. मुलूख गेला की फौजही जाणार. धन्यासाठी लढताना स्वतःचे घर जळत असेल तर त्याची भरपाई कोण करणार, याचे उत्तर पुण्याकडे नव्हते. पुण्याची तिजोरीही भरलेली नव्हती. महादजींनी इंग्रजांकडून जे मिळवले त्यात एक मोठी गोष्ट अशी की, पुढच्या तहात ते एका बाजूचे सरदार म्हणून नव्हे, तर दोन्ही बाजूंचे जामीन म्हणून बसले.

सालबाईत पुण्याने हैदरला सोडले का?

१७ मे १७८२ रोजी ग्वाल्हेरजवळच्या सालबाईला महादजी आणि इंग्रजांचे वकील डेव्हिड अँडरसन यांनी तह केला. वसई आणि पुरंदरच्या तहानंतर जिंकलेला इतर मुलूख पुण्याला परत मिळाला, साष्टी इंग्रजांकडे राहिली, भडोच महादजींना मिळाले. राघोबादादांना महिना २५ हजार रुपयांची नेमणूक ठरली आणि इंग्रजांनी त्यांचा पक्ष सोडला. पेशवाईच्या दृष्टीने मूळ भांडणच मिटले.

हैदरविषयीच्या कलमात मात्र खंडाळ्याहून पाठवलेले उत्तर उलटे झाले. इंग्रज आणि अर्काटच्या नवाबाकडून घेतलेला मुलूख हैदरने सहा महिन्यांत परत करावा, कैदी सोडावेत, आणि पेशव्यांनी त्याला तसे करायला लावावे, असे ते कलम. कालचा मित्र ऐकत नसेल तर त्याला ऐकायला लावण्याची जबाबदारी पुण्यावर आली.

आणि इथे नानांनी आपल्या हातातले शेवटचे हत्यार काढले. हेस्टिंग्जने जूनमध्येच तहाला मंजुरी दिली. नानांनी दिली नाही. जून, जुलै, ऑगस्ट असे महिने गेले. महादजींचे आणि इंग्रजांचे तगादे येत राहिले. सही न झालेला तह दाखवून हैदरशी बोलता येत होते आणि हैदर अजून लढतोय हे दाखवून इंग्रजांशीही. ७ डिसेंबर १७८२ रोजी हैदर छावणीतच वारला. २० डिसेंबरला नानांनी तह मान्य केला. प्रतींची अदलाबदल २४ फेब्रुवारी १७८३ रोजी झाली.

या सात महिन्यांचा अर्थ दोन प्रकारे लावला जातो. नाना दिलेला शब्द जमेल तितका पाळत होते, असे काहींना वाटते. इतरांच्या मते ते चांगला भाव यायची वाट पाहत होते. मला दोन्हींत विरोध दिसत नाही. फौज मागे घेतल्यावर वाटाघाटीत वजन उरावे म्हणून मुत्सद्दी सही रोखून धरतात, हे आजही चालते.

पुढे काय किंमत पडली?

टिपूने एकट्याने युद्ध चालू ठेवले आणि ११ मार्च १७८४ रोजी मंगळूरला इंग्रजांशी स्वतःचा तह केला. सालबाईचे ते कलम त्याने मानले नाही. पुणे आणि म्हैसूर यांच्यातला उरलासुरला विश्वास संपला आणि दोनच वर्षांत त्यांच्यात युद्ध पेटले. १७९० मध्ये पुण्यातच नाना, निजाम आणि इंग्रज यांची टिपूविरुद्ध आघाडी ठरली. बोरघाटाखाली गॉडार्डची रसद लुटणारे परशुरामभाऊ आता धारवाडच्या वेढ्यात कॅप्टन लिटलच्या इंग्रज पलटणीच्या शेजारी मोर्चे लावून बसले होते. १७९२ मध्ये टिपूचे निम्मे राज्य तिघांनी वाटून घेतले. १८०३ मध्ये इंग्रज शिंदे आणि भोसले यांच्यावर उलटले, तेव्हा मदतीला यायला म्हैसूरची ती सत्ता उरलेली नव्हती. यशवंतराव होळकरही त्या वेळी बाजूला थांबले.

आजच्या वाटाघाटी किती वेगळ्या आहेत?

संसद, निवडणूक आणि टीव्ही कॅमेरे आले आहेत. बाकी बरेचसे ओळखीचे आहे. मित्राची फौज काढून घ्यायची तर त्याच्या घरात पाहावे, ही हेस्टिंग्जची रीत. आज घर म्हणजे मतदार. ११ मार्च २००४ रोजी माद्रिदच्या लोकल गाड्यांत स्फोट झाले, तीन दिवसांनी सरकार बदलले आणि स्पेनने इराकमधले आपले सुमारे १३०० सैनिक परत बोलावले.

नेदरलँड्सचे उदाहरण आणखी जवळचे आहे. अफगाणिस्तानातल्या उरुझगान प्रांतात त्यांचे जवळपास दोन हजार सैनिक होते आणि मुदत २०१० मध्ये संपत होती. फेब्रुवारीत ‘नाटो’च्या सरचिटणीसांनी पत्र लिहून विनंती केली की, लहान प्रमाणात का होईना, राहा. या पत्रावरून सत्तेतल्याच दोन मोठ्या पक्षांत जुंपली आणि २० फेब्रुवारी २०१० रोजी सरकार कोसळले. ऑगस्टमध्ये डच फौज परतीला लागली. मित्राला थांबवायला पाठवलेल्या पत्राने मित्राचे सरकारच पाडले. पुण्याहून नागपूरला गेलेल्या पत्रांनी निदान इतके तरी केले नव्हते.

भारतापुढे हा प्रश्न २००३ मध्ये आला. इराकमध्ये एक डिव्हिजन, म्हणजे १५ ते २० हजार जवान पाठवावेत, अशी अमेरिकेची मागणी होती. वाजपेयी सरकारने ती लगेच फेटाळली नाही. चर्चा झाल्या, खुलासे मागवले गेले, मंत्री वॉशिंग्टनला जाऊन आले. त्याआधी एप्रिलमध्ये संसदेने इराकवरील हल्ल्याविरोधात ठराव केला होता. त्याच्या हिंदी मसुद्यात ‘निंदा’ हा शब्द होता आणि इंग्रजीत त्याहून सौम्य शब्द. एका शब्दात दोन बाजू सांभाळण्याची ही कसरत नानांना नक्कीच आवडली असती. १४ जुलै २००३ रोजी, संयुक्त राष्ट्रांचा स्पष्ट आदेश नसल्याने जवान पाठवता येणार नाहीत, असा निर्णय जाहीर झाला. भारताने संयुक्त राष्ट्रांच्या मोहिमांत आजवर अडीच लाखांहून अधिक जवान पाठवले आहेत. निळ्या झेंड्याशिवाय जायचे नाही, हा दंडक मात्र त्या प्रसंगी सर्वांत जास्त ताणला गेला आणि टिकला.

हा दंडक नुसता तत्त्वाचा नाही. संयुक्त राष्ट्रांच्या मोहिमेत खर्च कोण देणार, हुकूम कोणाचा चालणार आणि मुदत कधी संपणार हे आधी लिहिलेले असते. भोसल्यांच्या कटकच्या तळावर यातली एकही गोष्ट ठरलेली नव्हती.

गाझासाठी सुरक्षा परिषदेने १७ नोव्हेंबर २०२५ रोजी ठराव २८०३ मंजूर करून आंतरराष्ट्रीय स्थैर्य दलाला परवानगी दिली. त्याआधी सप्टेंबरमध्ये इंडोनेशियाच्या अध्यक्षांनी आमसभेत २० हजार किंवा त्याहून अधिक सैनिक देण्याची तयारी बोलून दाखवली होती. पण ठरावानुसार या दलाच्या कामात गाझातल्या सशस्त्र गटांची शस्त्रे काढून घेणेही येते, आणि मुस्लिम देशांची सरकारे घरच्या जनतेकडे पाहून अडखळतात ती याच कामापाशी. शांतता राखायला येतो, शस्त्रे काढायला नाही, असे म्हणणाऱ्या मित्राची फौज आकड्यात धरायची की नाही, यावर घासाघीस आहे. दलाची मुदत ३१ डिसेंबर २०२७ पर्यंत आहे.